गाडी बोलते, ऐकायला हवे





या पानावर मी नेहमी अभ्यास, शिस्त, वाचन अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. संस्थेच्या मागच्या बैठकीत शाळेसाठी एक वापरलेली व्हॅन घ्यावी असा प्रस्ताव आला आणि "सर, तुम्ही पदार्थविज्ञानाचे, जरा पाहून सांगा" असे म्हणून ते काम माझ्याकडे देण्यात आले. शिवाय आपल्यापैकी पुष्कळ घरांत पहिली गाडी सेकंडहँडच येते. तेव्हा जे मला व्हॅन पाहताना पाहायचे आहे, ते सर्वांपुढे मांडावे असे वाटले. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिहिताना आपली इंदुरी मराठी मध्येच डोकावली तर सांभाळून घ्यावे.

आधी माझी चूक सांगतो, कारण हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

भेरूघाटातली गोष्ट

२००६ साली मी एक आठ वर्षांची जुनी छोटी गाडी घेतली. दोन-तीन महिने छान गेले. मग सकाळी शाळेत येताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की पुढच्या चाकातून बारीक 'चींऽऽ' असा आवाज येऊ लागला. पाय जोरात दाबला की तो बंद व्हायचा. मी म्हटले, धूळ गेली असेल, सुट्टीत दाखवू. पुढे महिन्याभरात तो आवाज आपोआप थांबला. मला आनंद झाला, खर्च वाचला म्हणून!

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही ओंकारेश्वरला निघालो. गाडीत आई, पत्नी आणि दोन्ही मुली. सिमरोल मागे पडले आणि भेरूघाटाचा उतार सुरू झाला. दोन-तीन वळणे झाली तोच आई मागून म्हणाली, "काहीतरी करपतंय रे." मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचा वास आहे, आई." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "ट्रक तर केव्हाचा पुढे गेला." मी जरा वैतागूनच काच वर करायला सांगितली. मग 'घर्रर्र' असा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या वळणावर ब्रेकचे पॅडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाऊ लागले.

गाडी दुसऱ्या, मग पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूला मुरमाच्या ढिगाऱ्याला गाडी टेकवून थांबवली. हँडब्रेकची तार वेगळी असते आणि ती मागच्या चाकांवर काम करते, म्हणून वाचलो. कोणाला खरचटलेही नाही. पण मुलींचे चेहरे मला आजही आठवतात.

सिमरोलहून मिस्त्री आला. वयस्कर गृहस्थ होते. चाक काढून त्यांनी मला दाखवले. ब्रेकपॅडचे अस्तर संपले होते आणि पाठीमागची पत्री पट्टी थेट डिस्कवर घासत होती. मी म्हणालो, "लेकिन आवाज़ तो बंद हो गई थी." ते हसले आणि म्हणाले, "माट्साब, गाड़ी ने तो बोल दिया था. आपने सुना नी, तो वो चुप हो गई."

त्याचा अर्थ असा. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकपॅडला एक लहानशी पत्र्याची जीभ लावलेली असते. अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला टेकते आणि चीं-चीं करते. ती मुद्दाम तशी बसवलेली असते. माझ्या गाडीत ती जीभच तुटून गेली होती. आवाज थांबला, बिघाड थांबला नव्हता. पुढे उतारावर घर्षणाची सारी उष्णता पत्री पट्टीतून ब्रेकच्या तेलात गेली. हे तेल हवेतले पाणी शोषते. 'डॉट ३' प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. तेच पाणी शोषलेल्या तेलासाठी १४० अंशांवर येते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल मऊ झाले. नववीत पास्कलचा नियम मी किती वर्षे शिकवला होता, आणि तो माझ्याच पायाखाली मोडत होता!

यातून मी दोन गोष्टी शिकलो. आवाज किंवा वास हा स्वतः रोग नसतो, रोगाची बातमी असते. ती बंद झाली म्हणजे रोग बरा झाला असे नाही. आणि गाडीत ज्याला पहिल्यांदा कळते, तो चालक असेलच असे नाही. माझ्या आईला गाडी येत नव्हती, पण आयुष्यभर चुलीपाशी आणि गॅसपाशी उभी राहिल्याने करपल्याचा वास तिला माझ्या आधी कळला. मी तिचे ऐकले नाही.

तीन प्रश्न

मिस्त्रीकडे जाऊन "गाडी आवाज करते" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना "बरे वाटत नाही" एवढेच सांगणे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

पहिला, केव्हा? सकाळी गाडी थंड असताना, की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर, वळताना, की खड्ड्यातून जाताना?

दुसरा, कुठून? पुढून की मागून, डावीकडून की उजवीकडून? चालवताना हे कळणे कठीण. शेजारी किंवा मागे बसलेल्याला ऐकू द्या.

तिसरा, कशाबरोबर बदलतो? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर थोडा दाबा. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढला तर दोष इंजिन, बेल्ट किंवा अल्टरनेटर यांकडे आहे. उभ्या गाडीत आवाजच नाही, पण रस्त्यावर वेगाबरोबर वाढतो आणि गिअर बदलला तरी तसाच राहतो, तर तो चाकाकडचा आहे.

आठवी-नववीच्या मुलांसाठी एक गणित. लहान गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.७५ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेते. टायरच्या एकाच जागी फुगवटा असेल तर सेकंदाला साडेनऊ 'धप' होतील. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर दर फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ३० स्फोट होतात. दोन आवाजांची लय निराळी असते, म्हणूनच कान त्यांना वेगळे करू शकतो.

आवाज काय सांगतात

१. थंड गाडी सुरू करताच 'चीं-चीं', मग बंद : बहुधा पुढचा बेल्ट सैल किंवा जुना झालेला. खर्च थोडा, पण तो तुटला तर बॅटरी भरणे थांबते आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो.

२. वरून बारीक 'टिक-टिक', इंजिनाबरोबर जलद होणारी : आधी तेलाची पट्टी काढून पातळी पाहा. तेल कमी असेल तर व्हॉल्व्हच्या भागाला ते पुरत नाही. पातळी ठीक असेल तर टॅपेट तपासावे लागतील.

३. खालून जड 'ठक-ठक', चढावर वाढणारी : कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असू शकते. इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. "गॅरेजपर्यंत जाईल" म्हणून चालवाल तर हजारांचे काम लाखावर जाईल. विकत घ्यायच्या गाडीत हा आवाज आला तर नमस्कार करून परत यावे.

४. रस्त्यावर 'घूंऽऽ', वेगाबरोबर वाढणारी : टायर किंवा चाकाचे बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर हळुवार वळवून पाहा. उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर येते. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगचा संशय घ्यावा.

५. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू वळताना 'कट-कट-कट' : पुढच्या ॲक्सलचा जोड. बहुतेक वेळा त्यावरचे रबरी आवरण फाटलेले असते, ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत जाते. आवरण वेळीच बदलले तर जोड वाचतो.

६. खड्ड्यात 'खट' किंवा 'ढप' : शॉकअप, लिंकरॉड किंवा रबरी बुश. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे झिजणारच. पण 'खट'बरोबर स्टिअरिंगही सैल वाटत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

७. क्लच दाबताच येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. उलट, क्लच दाबल्यावर बंद होणारा आवाज गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असू शकतो. पायाने करता येणारी ही सोपी परीक्षा आहे.

८. ब्रेक दाबल्यावर 'चीं' किंवा 'घर्र' : यावर मी वर पुरेसे लिहिले आहे. 'चीं' असेल तर याच आठवड्यात, 'घर्र' असेल तर आजच.

विजेच्या गाड्यांत इंजिन नाही, म्हणून पहिले तीन मुद्दे तिथे नाहीत. चाके, बेअरिंग, ब्रेक आणि बुश मात्र तिथेही आहेत, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने ते अधिक स्पष्ट ऐकू येतात.

वास काय सांगतात

गोडसर वास : हा कूलंटचा. त्यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. गळून जमिनीवर साचले तर कुत्री-मांजरे चाटतात, लहान मुलांनाही धोका असतो. वास गाडीच्या आत येत असेल आणि समोरच्या काचेवर तेलकट धुके जमत असेल तर आतला हीटर गळत असावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. बंद व्यवस्थेत दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वरही द्रव राहते. दाब दुप्पट असेल तर सुमारे १२० अंशांपर्यंत. झाकण उघडताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर येते.

करपलेल्या तेलाचा वास : इंजिनवरच्या पॅकिंगमधून तेल झिरपून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडते. गाडी थांबवल्यावर हा वास जास्त येतो. रात्री खाली पुठ्ठा ठेवून सकाळी डाग पाहा. हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी डाग बहुधा कूलंटचा, काळपट तपकिरी तेलाचा, आणि स्वच्छ पाणी हे एसीचे, त्याची चिंता नको.

जळक्या कागदासारखा वास : क्लचप्लेट. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवण्याची सवय असेल तर हा वास ओळखीचा असेल. ब्रेकचा वासही याच जातीचा, पण तो चाकापाशी येतो.

जळक्या प्लास्टिकचा वास : वायरिंग. गाडी थांबवा, बंद करा, सर्वांना उतरवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज लावणारे महाभाग असतात. फ्यूज उडतो म्हणजे तो आपले काम करतो. त्याला हटवले तर त्याच्या जागी वायर जळते.

सडक्या अंड्यांचा वास : हा हायड्रोजन सल्फाइड वायू. इंधनातल्या गंधकामुळे सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून येऊ शकतो, किंवा बॅटरी प्रमाणाबाहेर भरली जात असेल तर तिच्यातून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या इंधनात गंधक दहा लाख भागांत १० पेक्षा जास्त नसते, म्हणून आता असा वास आला तर बॅटरीकडे आधी पाहावे. तिच्याजवळ काडी पेटवून पाहू नये.

पेट्रोलचा वास : सुरू करू नका. दिवे-पंखाही लावू नका. मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.

गॅसचा वास : मुळात सीएनजी आणि एलपीजी यांना जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात, पुन्हा ती ब्रेकपॅडची जीभच! वास येताच मुलांना उतरवून दूर न्यावे आणि टाकीचा कॉक बंद करावा. सीएनजी टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. घेताना तो कागद मागा.

ओलसर, कोंदट वास : बहुधा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली. पण वापरलेल्या गाडीत असा वास आला तर सीटखालचे कारपेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, स्टेपनीच्या खळग्यात चिखल आहे का पाहा. गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असू शकते. अशा गाडीच्या वायरिंगचे दुखणे वर्षानुवर्षे संपत नाही.

आणि शेवटी ज्याला वासच नाही तो : कार्बन मोनॉक्साइड. धुराच्या इतर घटकांना वास असतो, याला नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सायलेन्सर फुटून 'फट-फट' करत असेल तर तो नुसता गोंगाट समजू नका. धूर फटींतून गाडीत येऊ शकतो. गाडीत बसल्यावर डोके दुखणे, मळमळ, झोप येणे असे एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर काचा उघडा, बाहेर या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. उभ्या गाडीत एसी लावून झोपू नका.

वापरलेली गाडी पाहायला जाताना

गाडी थंड असताना पाहायची. "सुरूच करून ठेवली आहे" असे म्हटले तर दुसऱ्या दिवशी या, आणि बोनेटवर हात ठेवून थंड असल्याची खात्री करून मगच सुरू करा. सकाळचे पहिले अर्धे मिनिट गाडी सर्वांत जास्त खरे बोलते. रेडिओ बंद. डॅशबोर्डवरची सुगंधाची बाटली बाहेर काढून ठेवा आणि काचा लावून पाच मिनिटे आत बसा. नंतर निदान अर्धा तास चालवा : थोडा खराब रस्ता, थोडा मोकळा, एखादा चढ, आणि एक पूर्ण वळण. मागे एकाला धूर पाहायला उभे करा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ स्वाभाविक. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर धूर असेल तर कूलंट इंजिनात शिरते आहे. सर्व ठीक वाटले तरी आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको.

विश्वस्त मंडळाला माझा अहवाल असा राहील. व्हॅन जुनी असण्यास माझी हरकत नाही. वर दिल्याप्रमाणे ती दोन वेगवेगळ्या दिवशी थंड सुरू करून पाहावी. गॅसची टाकी, फिटनेस व विम्याचे कागद मूळ प्रतीत पाहावेत. ब्रेक, ब्रेकचे तेल, टायर आणि बेल्ट घेताक्षणीच नवे करावेत आणि तो खर्च किमतीतच धरावा. तो परवडत नसेल तर व्हॅनच परवडत नाही असे समजावे.

आणखी एक मागणी आहे. व्हॅनमध्ये दोरीला बांधलेली एक वही असेल. कोणत्याही मुलाला, मग तो पहिलीतला का असेना, वेगळा आवाज किंवा वास जाणवला तर चालककाका त्या वहीत तारीख घालून लिहितील आणि ती वही दर शनिवारी माझ्या टेबलावर येईल. "काही नाही रे, गप्प बैस" हे वाक्य त्या व्हॅनमध्ये चालणार नाही. दहापैकी नऊ वेळा ते काही नसेलही. दहाव्या वेळेसाठी वही आहे.

गृहपाठ

१. घरातल्या गाडीचे, स्कूटरचे किंवा पंख्याचे-मिक्सरचे तीन आवाज लिहा. प्रत्येकापुढे केव्हा, कुठून, कशाबरोबर बदलतो, हे लिहा.

२. सायकलच्या चाकाचा परीघ दोऱ्याने मोजा. ताशी १२ किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला किती फेरे घेते?

३. आजी-आजोबांना विचारा : वासावरून किंवा आवाजावरून त्यांना घरातला कोणता धोका आधी कळला होता? त्यांचे उत्तर पाच ओळींत लिहून आणा. हा प्रश्न मी स्वतः तपासणार आहे.

माझी आई आता नाही. त्या दिवशी घाटात, मुरमाच्या ढिगाऱ्यापाशी बसून तिने मला बोलही लावला नाही. डब्यातली पोळी-भाजी काढली, मिस्त्रीलाही दिली, आणि एवढेच म्हणाली, "दोनदा सांगितलं होतं रे तुला." दोनदा सांगावे लागू नये, यासाठी हा सारा पाठ.

आपला,
मुख्याध्यापक